जवळचे पाणी

गेल्या मोसमाच्या अखेरीस एका दुपारी पाण्यातून बाहेर आल्यावर आम्ही गोड्या पाण्याच्या टाकीपाशी साहित्य धूत उभे होतो. माझ्याबरोबर बरीच वर्षे स्कूबा डायव्हिंग (पाठीवर हवेचे सिलिंडर घेऊन पाण्याखाली पोहणे) करणारे एक ज्येष्ठ डायव्हर रेग्युलेटरच्या, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडाशी पुरवणाऱ्या साधनाच्या, नळ्या पाण्यात बुडवून हलवत होते. ते सहज म्हणाले, "आता हे वरचेवर येणे परवडत नाही बघा. यापुढे वर्षातून एकदाच जाईन, पण चांगल्या ठिकाणी जाईन. इथे येऊन काय पाहायचे?" त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. घरी बसून वह्या उघडून, आकडे मांडून घेतलेला तो निर्णय होता आणि त्यात कुठेही घाई किंवा राग दिसत नव्हता. मी मान डोलावली, आपले साहित्य पिशवीत भरले आणि निघाले. मात्र "इथे येऊन काय पाहायचे" हे त्यांचे वाक्य पुढे कितीतरी दिवस मनातून जाईना, कारण त्यांचा हिशेब चुकीचा आहे असे मला म्हणता येत नव्हते आणि तो बरोबर आहे असे मानायलाही मन धजत नव्हते.

खर्च वाढल्याचे कोणत्याही डायव्हरला वेगळे सांगायला नको. बोटीचे इंधन महागले की बोटीवरची जागा महागते, वीज आणि हवेच्या गाळण्या महागल्या की सिलिंडर भरून घेणे महागते, आणि विमा, साहित्याची दुरुस्ती, थंडीपासून वाचवणाऱ्या वेटसूटचे निओप्रीन रबर, प्रवास या सगळ्यांचे दर आपापल्या गतीने वर सरकत राहतात. यातली एकेक वाढ फार मोठी नसते, म्हणून ती लक्षातही येत नाही. पण वर्षाच्या शेवटी बेरीज केली की छातीत धस्स होते. अशा वेळी कात्री सर्वांत आधी लागते ती पाण्यात उतरण्याच्या वारंवारतेला. प्रत्येक डायव्हचा खर्च सुटा असतो आणि तो डोळ्यांसमोर दिसतो, त्यामुळे "या महिन्यात राहू दे, पुढच्या महिन्यात जाऊ" असे म्हणणे सोपे जाते. पुढचा महिना आला की तेच वाक्य पुन्हा म्हटले जाते. पूर्ण सोडून देण्याचा निर्णय कुणी क्वचितच घेतो. बहुतेकांचे डायव्हिंग असेच महिन्या-महिन्याने सुटते.

सुटते तेव्हा आधी काय जाते, हे पाहण्यासारखे असते. नियम डोक्यात पक्के राहतात. श्वास रोखून धरायचा नाही, मिनिटाला नऊ मीटरपेक्षा वेगाने वर यायचे नाही, पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे, हे सगळे अनेक वर्षांनीही पाठ म्हणून दाखवता येते. जाते ते शरीरातले कसब. फुप्फुसात किंचित जास्त हवा घेतली की शरीर हलकेच वर उचलले जाते आणि सोडली की खाली बसते. या एवढ्याशा फरकावर तळापासून हातभर अंतर राखून तरंगणे, वाळू न उडवता वळणे, मास्कमध्ये पाणी शिरले तरी श्वासाची लय न बिघडू देणे, हे सगळे रियाजासारखे असते. खंड पडला की स्वर लागतो खरा, पण ठरत नाही. खंडानंतर पाण्यात उतरणाऱ्या माणसाकडे बाजूने पाहिले तर हे स्पष्ट दिसते. त्याचे हात सारखे हलतात, गुडघे वाकतात, बीसीडीमध्ये, म्हणजे तरंगणे सांभाळणाऱ्या हवेच्या जॅकेटमध्ये, हवा भरणे आणि सोडणे अखंड चालू असते, आणि सगळे लक्ष स्वतःकडेच असल्यामुळे समोरून गेलेला मासा त्याला दिसत नाही. वर्षातून एकदा दूरच्या, महागड्या प्रवाळखडकावर जाणाऱ्याचे पहिले दोन दिवस या अवस्थेत जातात, आणि ते त्याच्या सहलीचे सर्वांत महागडे दिवस असतात.

मला जे म्हणायचे होते ते इथून सुरू झाले.

सिलिंडरमधल्या हवेचे गणित मला नेहमीच मनोरम वाटत आले आहे. अकरा लिटरचे अ‍ॅल्युमिनियमचे सिलिंडर २०० बार दाबापर्यंत भरले (एक बार म्हणजे साधारण पृष्ठभागावरच्या हवेचा दाब) की त्यात साधारण २,२०० लिटर हवा मावते. ५० बार राखीव ठेवले तर वापरायला सुमारे १,६५० लिटर उरते. शांतपणे पोहणारा सरावाचा डायव्हर पृष्ठभागाच्या मापाने मिनिटाला १५ लिटर हवा घेतो असे धरू. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो म्हणून तिथे तो ३० लिटर घेतो आणि त्याला सुमारे ५५ मिनिटे मिळतात. तीस मीटरवर दाब चौपट असतो, तिथे त्याच हवेत जेमतेम २७ मिनिटे निघतात, आणि हवा शिल्लक असली तरी शरीरात मुरणाऱ्या नायट्रोजनमुळे वीसेक मिनिटांतच वर निघावे लागते. हाच हिशेब सराव सुटलेल्या माणसासाठी मांडून पाहावा. तो मिनिटाला २५ लिटर घेत असेल तर दहा मीटरवरही त्याची हवा ३३ मिनिटांत संपते. सिलिंडर तेच, भरण्याचे पैसेही तेच; एकट्या सरावाने पाण्याखालचा वेळ दीडपटीहून जास्त होतो आणि उथळ पाण्याने दुप्पट. उथळ पाण्याकडे नवशिक्यांची जागा म्हणून पाहण्याची सवय डायव्हरांमध्ये आहे. मला ती कधीच पटली नाही. उजेड तिथेच असतो, तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच पाण्यात विरून जातो, शैवाल उजेडाच्या आधारानेच वाढते आणि शैवालाच्या आधाराने बाकीचे सगळे. आठ-दहा मीटरवरच्या एका ओबडधोबड खडकापाशी अर्धा तास स्थिर राहणाऱ्याला जे दिसते, ते पुष्कळदा खोल पाण्यातून घाईने फिरून येणाऱ्याला दिसत नाही.

हे साधन जन्मले तेच टंचाईत, ही गोष्ट मला फार आवडते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा मोटारी गॅसवर चालवण्याची खटपट सुरू झाली, आणि एमील गान्यां या अभियंत्याने इंजिनाला लागेल तेवढाच गॅस पुरवणारी एक झडप तयार केली होती. झाक-ईव्ह कुस्तो यांनी गान्यां यांची भेट घेतली तेव्हा त्या झडपेतून माणसाला मागणीनुसार हवा पुरवणारे रेग्युलेटर घडले. १९४३ साली त्याची पहिली चाचणी मार्न नदीच्या थंड पाण्यात झाली. आजही तोंडात रेग्युलेटर धरून पहिला श्वास घेतला आणि तो नेहमीचा हलका फुसकारा ऐकू आला की मला ती झडप आठवते. युद्धाच्या धामधुमीत, इंधन नसलेल्या दिवसांत, हाताशी होते त्यातून दोघांनी समुद्राचे दार उघडले. पुढे ही कला पसरली तीही पुष्कळ अंशी काटकसरीने. १९५३ साली सुरू झालेल्या ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लबसारख्या संस्थांमध्ये जुने सभासद नव्यांना विनामोबदला शिकवत. शाखांनी वर्गणी काढून सिलिंडर भरणारे कॉम्प्रेसर आणि बोटी घेतल्या आणि वर्षानुवर्षे चालवल्या. डायव्हिंग म्हणजे तयार साहित्य, तयार बोट आणि तयार वाटाड्या असे चित्र नंतर रूढ झाले. सोयीची म्हणून ती पद्धत मला आवडतेच, पण तीच एकमेव पद्धत आहे असा समज झाला की माणूस दर वाढताच हताश होतो.

काटकसर करताना एक रेघ मात्र ठाम ओढावी लागते, आणि त्या बाबतीत मी कुणाचेही ऐकत नाही. श्वास ज्यातून येतो तिथे पैसे वाचवायचे नाहीत. संशयास्पद कॉम्प्रेसरवर स्वस्तात भरलेले सिलिंडर ही बचत नव्हे. इंजिनाचा धूर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी खेचला गेला किंवा यंत्र तापून आतले तेल जळले तर हवेत कार्बन मोनॉक्साइड मिसळतो. त्याला वास नसतो, आणि पृष्ठभागावर जे प्रमाण सहन होईल तेच तीस मीटरवर चौपट दाबाने रक्तात उतरते. सिलिंडरचेही तसेच. दरवर्षी आतून डोळ्यांनी तपासणी आणि ठरावीक वर्षांनी, अनेक देशांत पाच वर्षांनी, पाण्याच्या दाबाची चाचणी, हा खर्च टाळण्याजोगा नाही. जुनी सिलिंडरे स्वस्त मिळतात म्हणून घेणाऱ्यांनी सिलिंडरच्या खांद्यावरचे आकडे आधी वाचावेत. १९८०च्या दशकापर्यंत अ‍ॅल्युमिनियमची पुष्कळ सिलिंडरे ६३५१ या क्रमांकाच्या मिश्रधातूची असत आणि त्यांच्या मानेपाशी तडे जाण्याचे प्रकार घडले आहेत; पुष्कळ ठिकाणी ती भरून देत नाहीत. असे सिलिंडर कितीही स्वस्त पडले तरी ते शेवटी घराच्या कोपऱ्यात उभे राहते.

रेग्युलेटरची दुरुस्ती मी एकदा जवळ बसून पाहिली आहे. कारागिराने त्याचा पहिला टप्पा, म्हणजे सिलिंडरला जोडला जाणारा भाग, उघडला, पांढऱ्या कापडावर एकेक भाग मांडला आणि दाब अडवणारी प्लास्टिकची बारीक गादी चिमट्याने उचलून माझ्यासमोर धरली. धातूची कड सतत दाबली जाऊन तिच्यावर एक गोल खाच उमटली होती, नखाने चाचपली तर जाणवावी एवढी. तिच्याकडे बोट दाखवून कारागीर म्हणाला, "ही खाच आणखी खोल गेली की दाब हळूहळू वर चढतो आणि तोंडाकडून हवा सुटू लागते." शेजारी एका ओ-रिंगवर, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्यावर, मिठाचे कण चिकटले होते आणि त्यांनी रबराची चकाकी घालवली होती. सिलिंडरमधला दोनशे बारचा दाब सभोवतालच्या दाबाहून नऊ-दहा बारच अधिक राहील इतका खाली आणण्याचे काम त्या कापडावरच्या चिमूटभर वस्तू वर्षभर करत होत्या. त्या दिवसापासून प्रत्येक डायव्हनंतर धूळझाकण घट्ट बसवून रेग्युलेटर गोड्या पाण्यात बराच वेळ भिजत ठेवणे, भिजताना त्याचे बटण न दाबणे आणि सावलीत सुकवणे यांत मी टाळाटाळ करत नाही. मीठ वेळेवर निघाले तर साहित्याचे आयुष्य कितीतरी वाढते, आणि या कामाला वेळाखेरीज काही लागत नाही. वेटसूट घडी न घालता रुंद खांद्याच्या हँगरवर टांगावा, कारण घडीपाशी निओप्रीनमधले बुडबुडे कायमचे चेपतात आणि तिथून थंडी शिरते. गुडघ्याशी फाटलेला सूट त्यासाठीच्या डिंकाने आणि ठिगळाने आणखी काही मोसम चालतो. मास्क स्वतःच्या चेहऱ्याला नीट बसणारा, स्वतःचा असावा. बाकीचे साहित्य क्वचित जाणाऱ्याने भाड्याने घ्यावे आणि वरचेवर जाणाऱ्याने टप्प्याटप्प्याने विकत घ्यावे, एवढे साधे गणित मला पुरले आहे.

वापरलेले साहित्य घेताना मला दर वेळी थोडे अवघडल्यासारखे होते. ते विकणारा माणूस बहुधा डायव्हिंग सोडत असतो. माझ्याकडचे बीसीडी ज्या बाईंकडून घेतले त्यांनी ते धुऊन, सुकवून, थोडी हवा भरून ठेवले होते. खिशात त्यांची पाण्याखाली लिहायची पाटी तशीच राहिली होती आणि तिच्यावर पेन्सिलीने दाबाचे आकडे आणि एका माशाचे नाव लिहिलेले होते. मी पाटी परत देऊ लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "असू दे तुझ्याकडेच, तुला लागेल." वस्तू चांगली होती, भाव माझ्या आवाक्यातला होता आणि तरीही ते बीसीडी घरी आणताना मला आनंद झाला असे म्हणवत नाही. त्या बाईंना कुणी वाहनात सोबत दिली असती, सिलिंडर वाटून घेतले असते, तर कदाचित त्या आजही आमच्याबरोबर पाण्यात असत्या. तेव्हापासून एकट्याने जाण्याऐवजी तिघा-चौघांनी मिळून जायचे, वजनाचे पट्टे आणि जादा फिन्स (पायात घालायचे वल्ह्यासारखे पंख) एकमेकांना वापरू द्यायच्या, असा प्रघात मी माझ्यापुरता आग्रहाने पाळते. प्रवासाचा खर्च त्यामुळे निम्म्यावर येतो हे आहेच, शिवाय ठरलेल्या दिवशी कुणीतरी वाट पाहत आहे एवढ्या कारणाने माणूस घराबाहेर पडतो.

आमच्या नेहमीच्या खडकाळ किनाऱ्याच्या पाण्यात दृश्यमानता फारशी नसते आणि प्रवाळ तर नाहीच. पण वरचेवर गेल्यामुळे तिथला प्रत्येक कोपरा ओळखीचा झाला आहे. एका कपारीच्या तोंडाशी रिकाम्या शिंपल्यांचा आणि खेकड्यांच्या कवचांचा ढीग दिसू लागला तेव्हा आत एक अष्टपाद (ऑक्टोपस) मादी राहायला आल्याचे कळले. पहिल्या भेटीत तिने फक्त एक डोळा आणि त्यातली आडवी बाहुली दाखवली आणि अंगाचा रंग शेजारच्या दगडासारखा करून घेतला. नंतरच्या भेटींत ती तितकी घाबरेनाशी झाली. एकदा तर एक हात लांबवून माझ्या हातमोज्याला चाचपून गेली. मग शिंपल्यांच्या ढिगात भर पडणे थांबले. टॉर्च तिरपा धरून पाहिल्यावर कपारीच्या छताला पांढुरक्या अंड्यांच्या लडी लोंबताना दिसल्या, आणि ती त्यांच्यावर आपल्या नळीने पाण्याचा झोत सोडत होती, हातांच्या टोकांनी त्या साफ करत होती. अंडी राखणारी मादी खात नाही, आणि पिल्ले बाहेर पडली की ती मरते. पाण्याच्या तापमानानुसार हा काळ काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत असतो. हे मी पूर्वी वाचले होते. भेटीगणिक तिचा रंग फिका पडत गेलेला, कातडी सैल झालेली आणि तरीही पाण्याचा झोत तसाच चालू राहिलेला पाहणे ही अगदी वेगळी गोष्ट होती. एका भेटीत लडी रिकाम्या होत्या आणि ती कपारीत नव्हती. त्या मोसमात पैशाच्या ओढाताणीमुळे बोटीच्या सर्व फेऱ्या मी रद्द केल्या होत्या, म्हणून मी इतक्यांदा तिथे जाऊ शकले.

"इथे येऊन काय पाहायचे" या प्रश्नाला माझ्याजवळ हे उत्तर आहे, आणि एके दिवशी मी ते त्या ज्येष्ठ डायव्हरांना सांगितलेही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, "आणि प्रवाळखडक? ते राहतील का तुझी वाट पाहत?" यावर मला बोलता आले नाही. २०२४च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभर पसरलेल्या चौथ्या प्रवाळविरंजनाची घोषणा केली. समुद्र प्रमाणाबाहेर तापला की प्रवाळ आपल्या अंगातले सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतात, पांढरे पडतात, आणि ताप लवकर उतरला नाही तर मरतात. काटकसर करून, दरवर्षी थोडे बाजूला टाकून, पाच-सात वर्षांनी दूरच्या एखाद्या खडकावर जाण्याचा बेत मी करते, तेव्हा त्या वर्षांत तो खडक काय होऊन बसेल हे माझ्या हातात नसते. त्यांनी आपले पैसे त्या एकाच सहलीसाठी राखून ठेवले याचे कारण मला तेव्हा समजले आणि मनातला विरोध बराच ओसरला. तरीही जवळच्या पाण्यावरचा माझा जीव त्यामुळे कमी होत नाही. दूरचे पाणी पाहायला न मिळाल्याचे दुःख मला होईल, आणि ते होऊ नये म्हणून इथली कपार सोडून देणे मला जमणार नाही. ही दोन्ही वाक्ये मी बराच काळ शेजारी-शेजारी ठेवून पाहिली आणि त्यांपैकी एकही खोडावेसे वाटले नाही. शेवटी मी त्यांना एवढेच सुचवले की, दूरच्या सहलीआधीचे दोन महिने तरी तुम्ही आमच्याबरोबर किनाऱ्यावरून उतरा, म्हणजे तिथले पहिले दोन दिवस वाया जाणार नाहीत. ते त्यांना पटले.

या वर्षाचा हिशेब मी मांडला आहे. पाण्याखालच्या छायाचित्रणाचे साहित्य घ्यायचे नाही. बुडालेल्या जहाजावरची खोल डायव्ह, जिची मला मनापासून ओढ आहे, ती सोडून द्यायची, कारण बोट, जादा सिलिंडर आणि खोल पाण्याचा आधी करावा लागणारा सराव यांची बेरीज आता झेपत नाही. याचे मला वाईट वाटते आणि ते वाटत राहील. वेटसूटला गुडघ्यापाशी नवे ठिगळ लावायचे. वाचलेल्या पैशातून रेग्युलेटरची दुरुस्ती वेळेवर करायची, आणि सिलिंडरच्या दाबचाचणीची मुदत भरत आली आहे, ती आधी उरकायची. महिन्यातून एक तारीख किनाऱ्यासाठी पक्की केली आहे. समुद्र खवळलेला असेल त्या महिन्यात तलावात जाऊन मास्क आणि तरंगण्याचा सराव करायचा. या वेळी आमच्याबरोबर नुकताच पहिला अभ्यासक्रम पूर्ण केलेली दोन तरुण मुले येणार आहेत. त्यांच्याकडे अजून मास्कखेरीज स्वतःचे काही नाही, म्हणून जुन्या फिन्स आणि वजनाचा पट्टा त्यांच्यासाठी काढून ठेवला आहे. त्यांतल्या मुलीला मास्कमध्ये पाणी शिरले की अजून धडकी भरते. पहिला अर्धा तास आम्ही कमरेएवढ्या पाण्यात गुडघे टेकून तेवढाच सराव करणार आहोत.